वाक्य पुरं होईस्तोवर

हॅलोमामाचा भोंगा आसेगावच्या रस्त्यावर वाजला की वाशीमच्या स्टेशनावर बसलेले प्रवासी गाडी आली समजून पिशव्या उचलायचे. मधलं अंतर किती, हे मला विचारू नका. मी बिछायतवाला माणूस, मला अंतर सतरंजीत मोजता येतं. पण उचललेल्या पिशव्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या वेळी मी इकडे मंडपाचा खांब धरून उभा होतो, हा भाग वेगळा.

नाव सुखदेव तायडे. पण या नावानं त्यांना फक्त पोस्टमन आणि पुढे कोर्टाचा पुकारेवाला ओळखायचा. बाकी मंगरूळपीरपासून मानोऱ्यापर्यंत, तांड्यातांड्यांतून, सगळ्यांचे ते हॅलोमामा. माझा मंडप आणि मामांचा भोंगा म्हणजे एका बैलगाडीची दोन चाकं. लग्न असो, जयंती असो, तेरवी असो, निवडणूक असो, मी सतरंजी झटकायला लागलो की मामा कडुनिंबावर चढलेलेच असायचे. भोंगा झाडाला बांधताना ते तार दातांनी सोलायचे. आयुष्यभर सोलून सोलून त्यांच्या समोरच्या दोन दातांत तारेच्याच मापाची फट पडली होती. मामा हसले की त्या फटीतून शिट्टी वाजायची आणि ती शिट्टी माइकात शिरली की गावातली कुत्री उठून बसायची. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. मनगटावर काळ्या चिकटपट्टीची दोन कडी. आणि माइक गुंडाळायला शांतामामींच्या जुन्या चोळीचं कापड. त्याशिवाय माइक दुसऱ्या कशात झोपायचा नाही म्हणे.

मामांनी जन्मात कधी ‘वन टू थ्री’ म्हटलं नाही. गावाच्या अगदी टोकाच्या घरात सुमनआजी राहायची. कानानं पार मंद. मामा मशीनचं बटन दाबायचे, माइकावर फुंकर मारायचे आणि म्हणायचे, “हॅलो. सुमनआजी, ऐकू येऊन राह्यलं का?”

मग आम्ही सगळे तिच्या घराच्या धाब्याकडे, म्हणजे मातीच्या सपाट छताकडे बघायचो. तिथून आजीनं पदर हलवला की आवाज बरोबर. नाही हलवला तर मामा परत झाडावर. एकदा एक पुढारी घामानं डबडबून व्यासपीठावर उभा, आणि मामा झाडावरून म्हणतात, “थांबा साहेब, आजीले अजून तुमी ऐकू नाही आले.”

“अरे, पण समोरच्यांना ऐकू येतंय ना?” पुढारी.

“समोरच्याले त तुमी भोंग्याबिगरबी ऐकू येता. भोंगा शेवटच्या घरासाठी राह्यते.”

आजीनं पदर हलवेपर्यंत ते भाषण सुरू झालं नाही. पुढाऱ्याच्या गळ्यातला हार तेवढ्या वेळात सुकला, त्यातल्या झेंडूचं बी पडलं आणि पुढच्या वर्षी तिथं झेंडू उगवला. मी स्वतः तोडला आहे.

पण मामा मामा झाले ते त्यांच्या अटीमुळे. कोणीही भोंगा सांगायला आलं की मामा आधी विचारायचे, “शेवटची पाच मिंटं मोकळा माइक देशीन का? नाही त दुसरा पाह्य.” मोकळा माइक म्हणजे कार्यक्रम संपला, आभार झाले, पाहुणे चपला शोधायला लागले, की मामा माइक स्टँडवरून काढून समोर सतरंजीवर ठेवायचे. ज्याला उचलायचा त्यानं उचलावा, जे बोलायचं ते बोलावं. नियम एकच. वाक्य पुरं होईस्तोवर मामा बटन बंद करणार नाहीत. “वाक्य अर्धं राह्यलं का माणसाच्या पोटात गोळा राह्यते, बापू,” ते मला सांगायचे. मला ते बापू म्हणायचे, का ते मी कधी विचारलं नाही.

त्या पाच मिनिटांत काय काय झालं! हरवलेली बकरी माइकवर नाव घेताच स्वतः चालत आली. एक लग्न पंगतीतल्या तिखटावरून मोडायला आलं होतं, ते नवरीनं माइकवर सासऱ्याला “मामंजी, तिखट मीच टाकलं होतं” असं सांगून वाचवलं. वाशीमच्या बाजारात वांगी नेणाऱ्या एका बागवाल्यानं अडत्याचा काटा कसा मारला जातो ते तराजूसकट करून दाखवलं. त्या दिवसापासून आमच्या गावची वांगी जड भरायला लागली.

आणि एकदा तर शांतामामीनंच माइक उचलला. जयंतीचा कार्यक्रम, सगळं गाव बसलेलं. मामी म्हणाल्या, “ह्या माणसानं साऱ्या जिल्ह्याले बोलाले लावलं. घरी इचारा किती बोलते? भाजी चांगली झाली म्हनून एक शब्द नाही. खारी झाली तरी नाही. मी मुद्दाम आठ दिवस बिनामिठाची केली, तरी याच्या तोंडातून हूं नाही का चूं नाही!”

लोक हसून हसून सतरंजीवर लोळले. दोन सतरंज्या तेव्हा फाटल्या, त्या अजून माझ्याकडे आहेत. मामा मशीनपाशी मान खाली घालून उभे. कोणीतरी ओरडलं, “मामा, बटन दाबा न बे, इज्जत चालली!”

मामांनी मान वर केली नाही. म्हणाले, “वाक्य होऊ दे तिचं.”

मामीचं वाक्य अकरा मिनिटं चाललं. घरी गेल्यावर मामा म्हणाले, “भाजी चांगली झाली.” त्या दिवशी स्वैपाक झालाच नव्हता.

पोलिसांचं म्हणाल तर आमच्याकडे बंदोबस्ताला एक जुने जमादार यायचे. मशीनच्या मागच्या खुर्चीत बसून ते मोठ्या शिस्तीत झोपायचे. कधी कोणी सरकारवर जरा जास्तच तोंड सोडलं की एक डोळा उघडून म्हणायचे, “मामा, आवरतं घ्या.”

मामा म्हणायचे, “वाक्य होऊ द्या, जमादारसाहेब. मंग मले आत घ्या.”

“तुमाले आत घेतलं त रात-दिवस हॅलो हॅलो करान. ठान्यातले कैदी पळून जातीन.” आणि डोळा परत बंद.

एका जयंतीला तर मोकळा माइक जमादारांनीच उचलला. टोपी काखेत धरून म्हणाले, “तीन दिवस झाले, पायातला बूट काढला नाही. घरी पोरगी तापानं फनफनली हाये. सुटी मागतली त साहेब म्हनते जयंती होऊ दे. जय भीम. बुंदी चांगली होती.” एवढं बोलून ते असे रडले, की त्यांच्यासोबत सगळा मंडप रडला. नंतर त्यांना कोणी काही विचारलं नाही. तेव्हा मला वाटायचं, माइक म्हणजे कापसाच्या बोंडासारखी वस्तू आहे, वेळ झाली की आपोआप उघडते. मी मूर्ख होतो. इथून पुढे मी फारसं वाढवून सांगणार नाही. वाढवायला जागा उरत नाही.

जमादार निवृत्त झाले, ठाण्यात नवे साहेब आले. नवे साहेब कागदाचे माणूस. भोंग्याला आधी तोंडी परवानगी मिळायची, आता छापील अर्ज आला. गावात नळयोजनेचं लोकार्पण होतं, मोठे पाहुणे येणार होते. मामा अर्ज घेऊन माझ्याकडे आले, कारण माझं अक्षर मोत्यासारखं आहे. मी भराभर लिहीत गेलो. नाव, गाव, भोंगे दोन, वेळ सकाळी दहा ते एक. मग रकाना आला : ‘कार्यक्रमात बोलणाऱ्या व्यक्तींची संपूर्ण नावे’.

मी पाहुण्यांची चार नावं लिहायला लागलो. मामांनी माझा हात धरला.

“मोकळ्या माइकवाल्याईचं काय?”

“ते कोण बोलणार ते काय माहीत, मामा?”

“हेच त. कोनीबी बोलू शकते. मंग चारच नावं लिहिली त खोटं नाही होत? खोट्या अर्जावर मी सही करनार नाही.”

मी गंमत म्हणून बोलून गेलो, “मग गावाची मतदारयादीच जोडा.”

मामांचे डोळे असे चमकले की घरातला बल्ब लाजला. “बापू! लाख बात की एक बात बोलला!”

त्यांनी ग्रामपंचायतीतून यादी आणली, झेरॉक्स काढली, आणि मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : ‘सोबत यादी जोडली आहे.’ ठाण्यातल्या टेबलावरच्या शिपायानं जाड गठ्ठा बघितला, कंटाळला आणि पहिल्या पानावर शिक्का मारून दिला. येताना आम्ही दोघे मोटारसायकलवर पोट धरून हसत होतो. मामांच्या दातांतली शिट्टी आसेगावपर्यंत वाजत आली.

लोकार्पण थाटात झालं. पाहुण्यांनी तोटी फिरवली, पाणी धो धो आलं, फोटो निघाले. आभार झाले. मामांनी माइक सतरंजीवर ठेवला. पाहुणे अजून खाली उतरत होते, तेवढ्यात कमलाबाई उठली. कमलाबाई मजुरीला जाणारी, विधवा, नातीला एकटीनं वाढवलेली बाई. तिनं कधीच माइक धरला नव्हता. तिनं तो लाटण्यासारखा आडवा धरला.

“साहेब, या नळाच्या मागं टँकर उभा हाये. पाइप मीच पाह्यला. हे पानी आजच्यापुरतं हाये. हे तुमाले मालूम असूनबी तुमी जर…”

नवे साहेब मशीनपाशी उभे होते. त्यांनी मामांकडे बघून बोटं आडवी फिरवली. बंद करा.

मामांनी उजवा हात बटनावर झाकून धरला. दुसऱ्या हातानं खिशातून शिक्क्याचा अर्ज काढला. “परवानगी हाये, साहेब. बाईचं नाव यादीत हाये. हे पाह्या, अनुक्रमांक पाचशे बारा.”

“कसली यादी?”

“बोलनाऱ्याईची.”

साहेबांनी पानं उलटली. पहिलं, दुसरं, तिसरं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर असं काही आलं, जे मी मंडपाच्या धंद्यात फक्त वादळाच्या आधी आभाळावर बघितलं आहे. त्यांनी यादी घडी करून खिशात घातली. मग हातातली छडी उचलली आणि बटनावर ठेवलेल्या हातावर मारली. एकदाच. एका शिपायानं वायर उपटली. भोंगा ‘जर’वर मेला. दोन शिपायांनी कमलाबाईला दंडाला धरून मंडपाबाहेर नेलं. तिचं तोंड हलत होतं, पण शेवटच्या घरापर्यंत काहीच गेलं नाही. पहिल्या रांगेपर्यंतही नाही, कारण पहिली रांग उठून पळाली होती. त्यात मीही होतो. मी खांब धरायला पळालो असं नंतर सांगितलं.

मशीन, दोन्ही भोंगे, माइक, चोळीचं कापडसुद्धा जप्त झालं. मामांना ठाण्यात नेलं आणि संध्याकाळी सोडलं. उजव्या हाताचा अंगठा मोडला होता. मंगरूळपीरला प्लॅस्टर घातलं, पण तो वाकडाच जुळला, आत वळलेला, कायम बटनावर ठेवल्यासारखा.

आठवड्याभरात नोटिसा आल्या. कमलाबाईला एक, मामांना एक, एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. पण साहेबांच्या खिशात यादी होती. शिपाई पिशवी भरून आला आणि घरोघर वाटत सुटला. ‘आपल्याकडून सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची शक्यता असल्याने…’ यादीतल्या प्रत्येकाला. यादी जुनी होती, त्यामुळे मेलेल्यांनाही. पहिले दोन दिवस गावानं जत्रा केली. चार वर्षांपूर्वी वारलेल्या एका म्हाताऱ्याच्या मुलानं बापाच्या नोटिशीवर लिहून दिलं, ‘सदर इसम सध्या शांत आहेत.’ सुमनआजीची नोटीस तिला ओरडून वाचून दाखवली, तर ती म्हणाली, “जेवाले किती वाजता बोलावलं?”

तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं. गावात भरतीची तयारी करणारी पंधरा-वीस पोरंपोरी होती. पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची. त्यात कमलाबाईची नात प्रियंकाही होती. कोणीतरी म्हणालं, चारित्र्याचा दाखला ठाण्यातूनच मिळतो, आणि नोटीस असली की मिळत नाही. खरं-खोटं कोणी विचारायला गेलं नाही. विचारायचं कुठे, तर ठाण्यातच. हळूहळू एकेक आईबाप मामांच्या दारात आले.

“मामा, आमचं नाव काहून देल्लं?”

“बोलाले देल्लं, गड्या. कोंडाले नाही.”

“आमाले बोलाचं नव्हतं न पन! आमी तुमाले म्हनलो होतो का?”

मामा मनगटावरची चिकटपट्टी फिरवत बसले. यादी कोणाच्या डोक्यातून निघाली, अर्ज कोणाच्या अक्षरात आहे, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मामांनीही नाही.

सभा झाली. भोंग्याविना, बसून, हळू आवाजात. मोकळा माइक यापुढे नको, असं ठरलं. कमलाबाईनं ठाण्यात माफीनामा लिहून दिला. त्याखाली तिचा अंगठा होता आणि वर मजकूर साहेबांच्या शिपायाचा. ती मामांसमोर आली, म्हणाली, “सुखदेवभाऊ, पोरीसाठी केलं.”

“बरं केलं, बाई,” मामा म्हणाले. मग म्हणाले, “‘जर’च्या पुढचं काय होतं?”

कमलाबाईनं पदर खोचला. “आता कायले,” म्हणाली आणि गेली.

मामा वाशीमच्या कोर्टात तारखेला जायचे. एसटीनं जायचे, एसटीनं यायचे. मशीन सोडवायची होती. पुकारेवाला ‘सुखदेव तायडे’ म्हणून ओरडायचा तेव्हा सवयीनं ते त्याचा आवाज तपासायचे, म्हणायचे, “मागच्या बाकापर्यंत नाही येऊन राह्यला, दादा.” एवढाच काय तो जुना मामा उरला होता. जप्त केलेलं सगळं परत मिळालं तेव्हा मशीनच्या आत उंदरांनी संसार थाटला होता. मामांनी ती दुरुस्त केली. दातांनी तारा सोलल्या. पण लग्नांना आता डीजेचे मोठे डब्बे आले होते, छाती हादरवणारे. त्यात बोलायला माइकच लागत नाही. मामांना सांगायला कोणी येईना. आले तरी मामा आता अट घालत नव्हते.

प्रियंका भरतीत गेली नाही. दोन गुणांनी राहिली. नोटिशीचा त्यात काही संबंध नव्हता, निकालाची यादी लागली तेव्हा ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. म्हणजे ज्या भीतीनं गाव गप्प झालं, ती भीतीसुद्धा फुकटची होती. हे कळल्यावर तरी लोक हसतील असं मला वाटलं. कोणी हसलं नाही. कोणी परत बोललंही नाही.

मग कमलाबाई गेली. शोकसभा समाजमंदिरासमोर, उन्हं उतरल्यावर. मी सतरंज्या टाकल्या. मामा स्वतःहून मशीन घेऊन आले, कोणी सांगितलं नव्हतं. वाकड्या अंगठ्यानं झाडावर चढता येईना, म्हणून भोंगा खालीच खांबाला बांधला. बटन दाबलं. फुंकर मारली.

“हॅलो. सुमनआजी, ऐकू येऊन राह्यलं का?”

धाब्यावर आजी दिसली. आता कंबरेतून पार वाकलेली. तिनं पदर हलवला. किती वर्षांनी!

दोघं-तिघं बोलले. कमलाबाई कष्टाळू होती, सगळ्यांना धरून होती, असं. गर्दीच्या कडेला बाभळीखाली एक शिपाई उभा होता. बंदोबस्ताला नव्हता, तो कमलाबाईच्या माहेरचा, मयतीला आलेला, ड्यूटीवरून तसाच वर्दीत. शेवटी प्रियंका उठली आणि तिनं माइक घेतला. आजीसारखाच, आडवा.

“आजी दवाखान्यात होती तवा एक दिवस मले म्हने, त्या दिवशी माह्यं बोलनं अर्धं राह्यलं. तुले सांगून ठेवतो, म्हने. कदी जमलं त पुरं करजो.” तिनं माइक तोंडाजवळ नेला. सगळं गाव थांबलं होतं. “आजी म्हनाली होती, साहेब, हे तुमाले मालूम असूनबी तुमी जर…”

बाभळीखालच्या शिपायानं हात वर केला.

आणि भोंगा बंद पडला.

मी वायरीकडे बघितलं. वायर जागेवर होती. मग मशीनकडे बघितलं. मामांचा आत वळलेला अंगठा बटनावर होता. बटन बंदवर दाबलेलं होतं.

प्रियंकानं माइककडे बघितलं, मग शिपायाकडे. तिला वाटलं, शिपायानंच बंद करायला लावलं. तिनं माइक सतरंजीवर ठेवला आणि खाली बसली. आवाज नसला तरी ती बोलू शकली असती, समोर मोजून चाळीस माणसं होती. तिनं ते केलं नाही. कोणी तिला ‘बोल पोरी’ म्हणालंही नाही. मीही नाही.

शिपाई घाबराघुबरा होऊन पुढे आला. “मामा, मी काही नाही म्हनलं जी! मी त टोपी नीट करून राह्यलो होतो.”

मामा त्याच्याकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. दुसऱ्याच कोणाचा हात आपल्या बाहीतून निघावा तसे. म्हणाले, “हो, बापा. तू नाही म्हनलं.”

लोक उठले, चपला शोधून गेले. मामांनी वायर गुंडाळायला घेतली, डाव्या हातानं. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता, टेस्टरच्या खिशात नाही, खालच्या. माइक चोळीच्या कापडात बांधला. मशीन सायकलला लावून ते निघाले, आणि मी सतरंज्या झटकत उभा राहिलो.

झटकता झटकता माझं लक्ष धाब्याकडे गेलं. सुमनआजी अजून तिथंच होती. कानाला हात लावून, भोंग्याकडे तोंड करून, पुढचं ऐकायची वाट बघत.